चारशे सतरावी ओळ

एका शहरात उज्ज्वला गुरव नावाची एक प्रोग्रामर होती, आणि तिला दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधायची भारी खोड होती. कुणाचं काही चुकलेलं दिसलं की तिचे डोळे चमकायचे. "हे बघा, इथे घसरलात," असं ती इतक्या आनंदाने सांगायची की समोरचा माणूस चहाचा कप उचलून दुसऱ्या टेबलाकडे निघून जायचा. आपलंही कधी काही चुकत असेल, असं मात्र तिला चाळीस वर्षांत फारसं वाटलं नव्हतं. आपल्यापैकी कुणाला वाटतं?

ती वल्लभशेठच्या कंपनीत कामाला होती. वल्लभशेठ भविष्य विकायचा. हात बघून भविष्य सांगणारे देवळाबाहेर बसतात, वल्लभशेठ काचेच्या इमारतीत बसायचा, एवढाच काय तो फरक. शेअर बाजाराचे जुने भाव चघळून उद्याचे भाव सांगणारं एक यंत्र त्याने बनवून घेतलं होतं. त्याचं नाव त्रिकाळ. मागच्या दहा वर्षांच्या भावांवर परीक्षा घेतली तेव्हा त्रिकाळ शंभरात ब्याण्णव वेळा बरोबर निघालं होतं. शेठने तो आकडा इमारतीच्या कपाळावर दिव्यांनी लिहून ठेवला होता. शुक्रवारी मोठ्या सभागृहात त्रिकाळ लोकांसाठी खुलं व्हायचं होतं. चाळीस हजार लोकांनी आधीच नावं नोंदवली होती. त्यांत निवृत्त पोस्टमास्तर होते, शिक्षिका होत्या, मुलीच्या लग्नासाठी काही पैसे बाजूला टाकलेली माणसं होती.

आता त्रिकाळच्या पोटात काय होतं ते सांगायला हवं. वरचा रंग शेठचा होता, पण आतला कणा फुकटचा होता. त्या कण्याचं नाव सांधा. कोकणातल्या एका लहान गावात आजगावकर सर नावाचे गणिताचे निवृत्त शिक्षक राहत. त्यांनी हे अवजार, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, लिहिलं आणि जगासाठी उघडं ठेवलं. घ्या, वापरा, मोडा, दुरुस्त करा, पैसे नकोत. अशा उघड्या अवजारांचे रिवाज ठरलेले असतात. कुणी त्यात सुधारणा केली तर ती सगळ्यांना द्यायची. कुणाला चूक दिसली तर ती चावडीवर सांगायची. सांधा वापरणाऱ्यांचं इंटरनेटवर एक उघडं पान होतं, त्यालाच सगळे चावडी म्हणत. आणि अवजारातल्या प्रत्येक ओळीला लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख चिकटलेली असायची. ही ओळ कुणाची, असं विचारलं की पडदा नाव सांगायचा. पडद्याला भीड नसते.

सांध्याचं काम साधं होतं. मोठमोठे तक्ते नीट लावायचे. तक्त्यात कुठे तरी एखादा चौकोन रिकामा असतोच. पूर्वी असा रिकामा चौकोन दिसला की सांधा थांबायचा आणि विचारायचा, इथे काय? लोक वैतागायचे. उज्ज्वला तेव्हा एका धरणाच्या कचेरीत होती. दर तासाला पाण्याची पातळी लिहिलेली असायची आणि मधेच एखादा तास राहून गेलेला असायचा. दर वेळी सांधा अडायचा. एक दिवस तिने चिडून एक ओळ लिहिली. चौकोन रिकामा दिसला तर तक्त्याच्या खालच्या ओळीतला आकडा उचल, तिथे भर आणि गुमान पुढे चल. धरणाचं पाणी तासाभरात असं किती हलणार? तिचं काम झकास झालं. रिवाजाप्रमाणे तिने ती ओळ सरांकडे पाठवली. सरांनी उत्तरात एकच शब्द लिहिला, "छान." सांध्यातली ती चारशे सतरावी ओळ. तेव्हापासून जो जो सांधा घेई, त्याला ती ओळही मिळे.

पुढे धरणाची कचेरी सुटली, शेठची नोकरी लागली, आणि तीन वर्षांत उज्ज्वला ती ओळ विसरूनही गेली. मग महिन्यापूर्वी चावडीवर तिच्या नावाने एक पत्र आलं. सातपुड्याच्या पायथ्याशी रक्ताच्या आजाराची एक प्रयोगशाळा होती. तिथल्या डॉ. लतिका वसावे यांनी लिहिलं होतं, "तुमच्या त्या एका ओळीने आमचं दहा दिवसांचं काम वाचवलं. दोनशे चौदा मुलांच्या जनुकांचे तक्ते सांध्याने नीट लावून दिले. त्यावरून प्रत्येकाच्या औषधाची मात्रा ठरली आहे. येत्या महिन्यात औषध सुरू करू. तुमचे उपकार कसे फेडू?" उज्ज्वलाने ते पत्र छापून घेतलं आणि टेबलासमोर चिकटवलं. येणाऱ्याजाणाऱ्याची नजर तिकडे गेली नाही, तर ती खाकरून त्याची नजर तिकडे नेत असे.

आणि त्रिकाळ खुलं होण्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, पेढे आले.

झालं होतं असं, की त्रिकाळच्या जुन्या परीक्षेत शेठच्या माणसांना एक रत्न सापडलं. सहा वर्षांपूर्वी एका सूतगिरणीला आग लागली होती आणि दुसऱ्या दिवशी तिचा शेअर कोसळला होता. त्रिकाळने आगीच्या आदल्या दिवशीच सांगितलं होतं, विकून टाका. शेठने पेढे वाटले. शुक्रवारच्या जाहिरातीत हीच गोष्ट पहिली घ्यायची ठरली. आग लागायच्या आत ज्याला धूर दिसतो, ते त्रिकाळ!

सगळ्यांनी पेढे खाल्ले. उज्ज्वलाने पेढा हातात धरला आणि तो हातातच राहिला.

"आग लागणार हे यंत्राला कसं कळलं?" तिने विचारलं.

"हुशार आहे यंत्र," शेजारचा म्हणाला.

"हुशार असेल. पण ते भाव वाचतं. आदल्या दिवशीच्या भावात आगीचा वास कुठून येणार? आगीलासुद्धा तेव्हा ठाऊक नव्हतं."

तिचे डोळे चमकले. कुणीतरी घसरलं होतं. तिने पेढा कागदावर ठेवला आणि त्रिकाळचं पोट उघडलं.

तासाभरात तिला सापडलं. जुन्या भावांवर परीक्षा घेताना, ज्या दिवसाचा अंदाज बांधायचा त्या दिवसाचा भाव झाकून ठेवतात. म्हणजे चौकोन रिकामा ठेवतात. आणि तो रिकामा चौकोन सांधा मुकाट्याने खालच्या ओळीतल्या आकड्याने भरत होता. इथे ओळी म्हणजे दिवस. खालची ओळ म्हणजे दुसरा दिवस. म्हणजे त्रिकाळ उत्तरपत्रिका मांडीवर ठेवून पेपर सोडवत होतं. ब्याण्णव मार्क पडले यात नवल नव्हतं, उरलेले आठ कसे गेले याचंच नवल होतं.

"कुणाचा हा गाढवपणा?" उज्ज्वला मोठ्याने म्हणाली. आजूबाजूला दोनचार माना वळल्या. तिने मोठ्या खुशीत पडद्याला विचारलं, ही ओळ कुणाची?

पडद्याने सांगितलं, उज्ज्वला गुरव.

तिने पुन्हा विचारलं. नाव बदललं नाही. मग तिची नजर समोरच्या पत्राकडे गेली. दोनशे चौदा मुलं. त्या तक्त्यात ओळी म्हणजे मुलं होती. एखाद्या मुलाचा चौकोन रिकामा असेल, तर त्यात कुणाचा आकडा गेला असेल? खालच्या मुलाचा. चावडीवर डॉक्टरांची ताजी नोंद होती, सोमवारपासून औषध सुरू. मधे तीनच दिवस उरले होते.

ती उठली आणि थेट शेठच्या खोलीत गेली.

वल्लभशेठ मूर्ख नव्हता. मूर्ख माणसाला काचेची इमारत बांधता येत नाही. त्याने सगळं शांतपणे ऐकलं, दार लावलं आणि विचारलं, "हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"आत्ता फक्त तुम्हाला आणि मला."

"मग एवढ्यावरच राहू दे. उद्याचा सोहळा पार पडू दे. महिन्या-दोन महिन्यांनी आपण आपल्यापुरती ती ओळ हळूच काढून टाकू."

"शेठ, तोवर चाळीस हजार माणसं आपल्या म्हाताऱ्या दिवसांची पुंजी या यंत्राच्या तोंडात घालतील."

"बाजारात जोखीम असतेच, उज्ज्वलाबाई. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय आपण तसं."

"आणि ती मुलं?"

शेठने टेबलावरचा फोन तिच्याकडे सरकवला. "त्या डॉक्टरीणबाईंना फोन करा ना. हळूच सांगा. मी कुठे नाही म्हणतोय? मीही बापमाणूस आहे. पण चावडीवर बोंबलायचं कारण नाही."

खरं सांगायचं तर इथे उज्ज्वलाचं मन डगमगलं. एक फोन केला की मुलं वाचत होती, नोकरी वाचत होती आणि अब्रूही वाचत होती. कुणाच्याही मनात आलं असतं, मिटवून टाकावं. तिच्याही मनात आलं. पण सांधा किती ठिकाणी गेला होता? उघडं अवजार कोण नेतं त्याची कुठे नोंद नसते. डॉक्टरांनी कौतुकाचं पत्र लिहिलं म्हणून त्या तिला ठाऊक होत्या. पत्र न लिहिणारे किती असतील? त्यांचा फोन नंबर ती कुठून आणणार होती?

"मला चावडीवरच सांगावं लागेल," ती म्हणाली. "रिवाज आहे."

"तुम्ही कागदावर सही केली आहे. ऑफिसातलं गुपित बाहेर न्यायचं नाही."

"तो कागद तुमच्या गुपितांचा आहे. सांधा तुमचा नाही. फुकट मिळाला म्हणून तो तुमचा होत नाही."

आता शेठ हसला. हसू गोड होतं. "बाई, चूक कुणाची आहे ते विसरलात का? ओळीला तुमचं नाव आहे. तुम्ही गप्प बसा, मी गप्प बसतो. सोमवारी तुम्हाला सगळ्या विभागाची प्रमुख करतो. तुम्ही तोंड उघडलंत, तर मीही उघडतो. गुरवबाईंच्या चुकीने दोनशे मुलांचा जीव टांगणीला लागला, असं गावभर सांगेन. मग या शहरात तुम्हाला कुणी हिशेबाची वहीसुद्धा हातात देणार नाही."

उज्ज्वलाचा संताप झाला. त्याच्यावर झाला, पण त्याहून जास्त स्वतःवर झाला. आयुष्यभर तिने लोकांच्या चुका त्यांच्या तोंडावर फेकल्या होत्या. आज तिची चूक कुणीतरी मुठीत धरून बसलं होतं आणि तिला म्हणत होतं, बस म्हटलं की बस, ऊठ म्हटलं की ऊठ. मूठ उघडायला लावायची तर एकच उपाय होता.

"शेठ, तुम्ही कशाला त्रास घेता," ती म्हणाली. "गावभर मीच सांगते."

ती टेबलाशी आली. दुपारचे तीन वाजले होते. पेढा कागदावर तसाच होता. तिने चावडी उघडली आणि लिहिलं:

"सांध्यातली चारशे सतरावी ओळ चुकीची आहे. ती मी लिहिली. माझं नाव उज्ज्वला गुरव. ही ओळ रिकामा चौकोन खालच्या आकड्याने भरते आणि कुणाला कळू देत नाही. जिथे ओळी म्हणजे दिवस, तिथे उद्याचं आज कळल्याचा भास होईल. जिथे ओळी म्हणजे माणसं, तिथे एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर जाईल. मी ही ओळ फक्त धरणाच्या पाण्यावर तपासली होती. सगळ्यांना देताना मी दुसरा कुठलाही विचार केला नाही. सांधा वापरत असाल तर काम आत्ताच्या आत्ता थांबवा. दुरुस्ती सोबत जोडली आहे. आता चौकोन रिकामा असेल तर तो रिकामाच राहील, आणि सांधा थांबून विचारेल."

नाव खाली लिहायचं की वर, याचा तिने थोडा विचार केला. मग ते वर होतं तिथेच राहू दिलं आणि पाठवून दिलं. लगेच तिने डॉ. वसाव्यांना फोन केला. कुणी उचलला नाही, तेव्हा निरोप ठेवला. तेवढ्यात दोन रखवालदार आले. त्यांनी तिचं ओळखपत्र काढून घेतलं. तिने भिंतीवरचं पत्र काढलं, पर्समध्ये घातलं आणि जिना उतरून रस्त्यावर आली.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला.

"तक्ते हाताने तपासले," डॉ. वसावे म्हणाल्या. "अकरा मुलांच्या चौकोनांत दुसऱ्याच मुलाचे आकडे आहेत. एका मुलीची तर रक्ताची बाटलीच फुटली होती. तिचं रक्त तपासलंच नव्हतं, तरी तिची मात्रा ठरली होती. दुप्पट."

उज्ज्वलाने विचारलं, "तिचं नाव काय?"

"पेशंटचं नाव आम्ही सांगत नसतो. सात वर्षांची आहे, एवढं पुरे तुम्हाला. तुमच्यावर रागवू का तुमचे आभार मानू, तेच मला कळेना. मी आधी रागावते."

आणि त्या खरंच रागावल्या. पाच मिनिटं रागावल्या. उज्ज्वला ऐकत राहिली. तिने एकदाही 'पण' म्हटलं नाही. तिच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं.

"आता आभार मानते," शेवटी डॉक्टर म्हणाल्या. "औषध पुढे ढकललंय. आणि चूक माझीही आहेच. यंत्राने अडवलं नाही म्हणून मी पुन्हा बघितलं नाही. ते मीही चावडीवर लिहिते."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सभागृह भरून गेलं होतं. उज्ज्वलानेही इतरांसारखं नाव नोंदवलं आणि मागच्या रांगेत जाऊन बसली. चावडीवरची बातमी तोवर बाहेर पसरली होती, आणि त्रिकाळच्या पोटात सांधाच आहे हे जाहिरात वाचलेल्यांना ठाऊक होतं. लोकांत कुजबुज चालली होती. पण वल्लभशेठ कसलेला माणूस. तो हात जोडून मंचावर आला आणि खेदाने मान हलवू लागला.

"मित्रहो, त्रिकाळवर काही जणांनी चिखल उडवला आहे. दोष त्रिकाळचा नाही. आमच्याकडच्याच एका बाईने घोर चूक केली आणि ती तीन वर्षं लपवून ठेवली. आज मी त्या बाईचं नाव तुमच्यासमोर..."

मागच्या रांगेत उज्ज्वला उभी राहिली.

"नाव मी कालच सांगितलंय, शेठ. ते चावडीवर आहे, खाली तारीख आहे, वेळही आहे. माझं झालं. आता तुमचं पुढचं बोला."

सगळं सभागृह मागे वळलं. शेठच्या हातात एकच हत्यार होतं आणि त्याची धार तिने आदल्या दिवशीच स्वतःच्या हाताने घालवली होती.

"पुढचं तुम्हाला जमत नसेल तर मी विचारते," ती म्हणाली. "ती ओळ काढून टाका आणि त्रिकाळ इथेच, सगळ्यांसमोर चालवा. शंभरात किती येतात बघू."

"आज तांत्रिक अडचण आहे," शेठ म्हणाला.

पुढच्या रांगेतले एक निवृत्त पोस्टमास्तर सावकाश उठले. "अडचण काय त्यात? काल माझ्या सुनेने घरच्या घरी करून बघितलं. सांधा फुकट आहे, जुने भावही सगळ्यांना मिळतात. तुमच्या जाहिरातीत तुम्ही रीत लिहिलीच होती. ती ओळ काढली तर शंभरात एक्कावन्न येतात. नाणं उडवून मीसुद्धा तेवढं सांगेन, आणि तुमच्याएवढा आव आणणार नाही."

आधी कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. मग खुर्च्या सरकल्याचे आवाज येऊ लागले. माणसं रांगेने बाहेर पडली. दारात त्यांनी नोंदणीचे कागद परत मागायला सुरुवात केली. शेठ मंचावर उभा होता. मागच्या पडद्यावर आग लागायच्या आत दिसणारा धूर तसाच चमकत होता.

उज्ज्वलाची नोकरी गेली ती गेलीच. गोष्टीत लगेच दुसरी मिळते, तिला चार महिने मिळाली नाही. ज्यांना तिने पूर्वी हसत हसत टोचलं होतं, त्यांतल्या काहींनी या चार महिन्यांत तिला मनसोक्त टोचून घेतलं. तिने ते मान खाली न घालता ऐकून घेतलं.

पण एक गोष्ट शनिवारीच झाली. आजगावकर सरांचा फोन आला.

"मुली, तुझी ओळ घेताना मी ती तीनदा वाचली होती," सर म्हणाले. "तीनदा मनात आलं, ओळी म्हणजे माणसं असली तर काय? आणि तीनदा मीच म्हटलं, पोरगी हुशार आहे, बरोबरच असेल. म्हणून छान लिहिलं. तेही मी आज चावडीवर सांगितलंय."

"सर, तुम्ही कशाला?"

"तू सांगितलंस आणि मी गप्प बसलो, तर वर्गात तोंड कसं दाखवू?" सरांचा वर्ग सुटून पंधरा वर्षं झाली होती, पण ते तसंच म्हणाले. "आता माझं ऐक. माझे डोळे अधू झालेत. सांध्यात काय घ्यायचं आणि काय नाही, हे यापुढे तू ठरव. आणि ती जुनी नोंद आहे ना तुझ्या नावाची, ती मागे जाऊन पुसता येते. नव्याने कुणी आलं तर त्याला दिसणार नाही. पुसू का?"

उज्ज्वलाने पर्समधलं पत्र काढून पुढ्यात ठेवलं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं.

"राहू द्या, सर," ती म्हणाली. "उद्या कुणी म्हणायला लागलं, की उज्ज्वलाताईंनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, तर त्याला आधी ती ओळ दाखवा."

ती ओळ जुन्या नोंदीत अजून आहे. तिच्याखाली तिची दुरुस्ती आहे. दोन्हींवर एकच नाव आहे. आणि सांधा आता रिकामा चौकोन दिसला की थांबतो आणि विचारतो, इथे काय? लोक अजूनही वैतागतात. वैतागू देत.

तात्पर्य: आपली चूक जो लपवतो, तो ती ठाऊक असलेल्या प्रत्येकाच्या मुठीत राहतो; जो ती स्वतःच्या तोंडाने, वेळेवर आणि चारचौघांत सांगतो, त्याला मुठीत धरायला कुणाकडे काही उरत नाही.